रंग नव्हे, डोळे पाहा

आमच्या कृषिबंधूंच्या बोलण्यांत ‘कोळी’ या एकाच नांवानें दोन भिन्न प्राणी वावरतात. पानांचा रस शोषणारा लाल कोळी ही कीड होय. कीटक धरून खाणारा कोळी हा पिकाचा राखणदार होय. नांवाच्या या घोटाळ्यामुळें राखणदारालाच चोर ठरवून त्याजवर औषध फवारलें जातें, हें दुहेरी नुकसान आहे. सबब कोळी अवयवांवरून ओळखण्याची संवय प्रत्येक बागाईतदारानें लावून घ्यावी, असें आमचें मत आहे.

लाल कोळ्याचें अंग एकसंध असतें. खऱ्या कोळ्याच्या शरीराचे दोन भाग बारीक कमरेनें जोडलेले असतात. त्यांतही उड्या मारणारा कोळी ओळखणें सोपें आहे. या कुळाच्या ६,००० हून अधिक जाती असून बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या आहेत. त्याच्या आठ डोळ्यांपैकीं चार समोर एका ओळींत असतात व त्यांतले मधले दोन फार मोठे असतात. जमिनीवर धांवून शिकार करणाऱ्या कोळ्याचे मोठे डोळे दुसऱ्या ओळींत असतात, हा भेद ध्यानांत ठेवावा. आंब्यावर पानें शिवून घरटीं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांत त्यांचें सोंग घेतलेला याच कुळांतला एक कोळी वावरतो. तो पुढचे पाय मिशांसारखे उचलून धरतो. परंतु मुंगीस पाय सहा, यास आठ.

रंगावर मात्र विसंबूं नये. पुष्कळ जातींत नर व मादी निरनिराळ्या रंगांचीं असतात. महसूल खात्यांतील आमच्या कारकुनींत शेताची ओळख उभ्या पिकावरून नव्हे, तर हद्दीच्या खुणांवरून पटत असे. येथेंही तोच न्याय लागू आहे. जात ठरविण्याची पक्की खूण म्हणजे नराच्या तोंडाजवळील पायांसारख्या दोन आखूड अवयवांचीं टोकें व मादीच्या पोटाखालील जननेंद्रियाची रचना. पंडितांसही अवयव निवडून घ्यावे लागले. यूजीन सिमाँ यांनीं १९०० नंतरच्या थोड्या वर्षांत जबड्यावरील दांतांवरून मोठे गट पाडले. वेन मॅडिसन यांनीं २०१५ सालीं आनुवंशिक पुराव्याच्या आधारें कुळाची नवी मांडणी केली. हें काम अद्याप संपलेलें नाहीं. ठाणें-कल्याण भागांतील एका जातीस २०२१ सालीं हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘इसियस तुकारामी’ हें नांव मिळालें.

हा कोळी कधीं उपयुक्त माशीही खातो व त्याच्या एकट्याच्या बळावर कीड निर्मूळ होत नाहीं, हें खरें. तथापि राखणदाराचा दोष म्हणजे त्यास ठार करण्याचें कारण नव्हे. फवारणीपूर्वी भिंग घेऊन पानें उलटून पाहावीं, कीड व कोळी दोन्ही मोजावे, आणि मगच दुकानाची वाट धरावी.