खडक आणि खतावणी

मध्यंतरी आमच्याकडे अकरावी-बारावीला मराठी शिकून गेलेली एक विद्यार्थिनी पेढे घेऊन प्राध्यापक कक्षात आली. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता. भूशास्त्रातली विज्ञान शाखेची पदवी आणि वित्त विषयातली वाणिज्य शाखेची पदवी, दोन्ही एकदम, चार वर्षांत. सोबत वडील होते. ते समाधानाने म्हणाले, "सर, दगडही कळेल आणि दगडाचा भावही. एक नाही चाललं तर दुसरं आहेच." बाप-लेक गेल्यावर आमच्यातला एक जण पेढा तोंडात टाकत म्हणाला, "खडक आणि खतावणी! उद्या कोणी ज्योतिष आणि जलसिंचनाची जोडपदवी काढील." आम्ही सगळे हसलो.

त्या हसण्याची आम्हांला नंतर लाज वाटली. वडिलांचे वाक्य आणि आमचा विनोद दोन्ही सारखेच उथळ होते, हे पुढे ध्यानात आले. वडिलांच्या लेखी दोन पदव्या म्हणजे दोन विमे. आमच्या लेखी दोन पदव्या म्हणजे विजोड लग्न. या दोन विषयांचे एकमेकांशी काही बोलणे असू शकते, असे दोघांच्याही मनात आले नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला म्हणायचे आहे ते इतकेच, की भूशास्त्र आणि वित्त यांची जोडी अत्यंत आवश्यक आहे, परंतु आज ती ज्या रीतीने बांधली आणि विकली जाते त्या रीतीने तिच्यातला जो भाग सर्वाधिक मोलाचा, नेमका तोच गळून पडतो.

प्रथम आमच्या विनोदाचा निकाल लावू. हे लग्न विजोड नाही, हे सिद्ध करायला इतिहास पुरेसा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात विंडारा येथे निकेल सापडल्याची बातमी १९६९ साली आली आणि पोसायडन नावाच्या कंपनीचा सुमारे ८० सेंटांना मिळणारा शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरवर पोहोचला. निकेल होते, पण अपेक्षेपेक्षा हलक्या प्रतीचे. भाव कोसळला. खाली काय आहे हे बाजाराला कळत नव्हते, आणि खडक जाणणाऱ्याने बाजाराशी कोणत्या शब्दांत बोलावे याचा नियम नव्हता. त्या धड्यातून १९७१ साली ऑस्ट्रेलियात एक समिती स्थापन झाली आणि तिच्या परिश्रमांतून १९८९ साली खनिजसाठ्यांच्या वृत्तांतांची 'जॉर्क' संहिता सिद्ध झाली.

दुसरे उदाहरण अधिक भीषण आहे. बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातील भागात, बुसांग येथे, ब्रे-एक्स या कॅनडियन कंपनीला सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचे सांगण्यात आले. दर वृत्तांतागणिक आकडा फुगत गेला आणि १९९७ च्या आरंभी तो ७.१ कोटी औंसांवर गेला. कंपनीचे बाजारमूल्य एके काळी सुमारे ६०० कोटी कॅनडियन डॉलर झाले होते. मे १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीचा अहवाल आला, तेव्हा तेथे काढण्याजोगे सोने नाहीच, नमुन्यांत सोन्याची भुकटी बाहेरून मिसळलेली होती, हे उघड झाले. त्याआधीच कंपनीचा एक प्रमुख भूशास्त्रज्ञ हेलिकॉप्टरमधून पडून मरण पावला होता. वित्ताच्या जाणकारांनी आकडे वाचले, पण आकड्यांखालचे कण पाहिले नाहीत. सोन्याचे कण खडकातले की नदीतले, हा प्रश्न विचारण्यापुरते भूशास्त्र पैसा गुंतवणाऱ्यांपैकी मोजक्यांना जरी येत असते, तरी अनेकांची आयुष्यभराची पुंजी वाचली असती. या प्रकरणानंतर कॅनडाने २००१ साली खनिज-वृत्तांतांचे स्वतःचे कडक नियम केले.

तेव्हा खडक आणि खतावणी यांचे नाते आमच्या विनोदाहून जुने आहे. प्रश्न नात्याचा नाही, ते शिकवण्याचा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या दुहेरी पदवीचे गणित पाहा. विज्ञानाची पदवी तीन वर्षांची, वाणिज्याची तीन वर्षांची. एकापाठोपाठ एक घेतल्या तर सहा वर्षे. जोडून घेतल्या तर बहुधा चार. मग दोन वर्षे गेली कुठे? भूशास्त्राचा गाभा कमी झाला नाही, वित्ताचाही नाही. तसे केले तर पदवीच टिकणार नाही. गेली ती मोकळी जागा. एरवी प्रत्येक पदवीत विद्यार्थ्याला आपल्या मनाने काही विषय निवडण्याची मुभा असते: कोणी इतिहास घेतो, कोणी एखादी भाषा, कोणी तत्त्वज्ञान. दुहेरी पदवीत एका पदवीचे सक्तीचे विषय हेच दुसऱ्या पदवीचे ऐच्छिक विषय म्हणून मोजले जातात. हिशेब चोख आहे. पण दोन डबे एकाच पिशवीत ठासून भरताना मधली हवा निघून जाते, तसे हे होते. वडिलांना वाटते, मुलीला दोन पदव्यांचा लाभ झाला. तिने काय गमावले हे कोणत्याही गुणपत्रिकेवर येणार नाही.

आम्ही मराठीचे शिक्षक आहोत, म्हणून आमच्या पोटात दुखते, असे कोणी म्हणेल. म्हणोत. ही मोकळी जागा गेल्याने भूशास्त्र आणि वित्त यांचेच कसे नुकसान होते, ते सांगतो.

ही दोन्ही शास्त्रे मुळात काळाची शास्त्रे आहेत. भूशास्त्राची विद्यार्थिनी सह्याद्रीच्या कातळापुढे उभी राहते, तेव्हा ती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर वाचत असते. वित्ताची विद्यार्थिनी भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढते. दरसाल १० टक्के वटाव धरला, तर ३० वर्षांनी येणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ५ रुपये ७३ पैसे. ५० वर्षांनी येणाऱ्या १०० रुपयांची ८५ पैसे. आणि १०० वर्षांनी येणाऱ्या १०० रुपयांची एक पैसासुद्धा नाही. हे गणित पापी नाही. त्याच्यावाचून कर्जाचा हप्ता ठरणार नाही, निवृत्तिवेतनाची तरतूद होणार नाही. पण तेच गणित खर्चालाही लागते. खाण बंद झाल्यावर उरणारा खड्डा, त्यातले दूषित पाणी, गाळ अडवणारा बांध यांचा ५० वर्षांनंतरचा खर्चही आजच्या कागदावर चिल्लर होऊन बसतो. पृथ्वीच्या घड्याळात ५० वर्षे म्हणजे डोळ्याचे पाते लवणे. वित्ताच्या घड्याळात ५० वर्षे म्हणजे जवळजवळ कधीच नाही. अशी दोन घड्याळे एकाच विद्यार्थिनीच्या डोक्यात बसवायची आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत हे तिला कोठेही बोलू द्यायचे नाही, याला आम्ही शिक्षण म्हणायला तयार नाही. सकाळी एका इमारतीत एक घड्याळ, दुपारी दुसऱ्या इमारतीत दुसरे. मधले अंतर ती एकटी चालते.

हे अंतर काय किमतीचे असते ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारा प्रदेशाने दाखवले. २४ मे २०२० रोजी जुकान घळीतली, सुमारे ४६,००० वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा जपणारी शैलाश्रये रिओ टिंटो या कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंगांनी उडवली. ती पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या आदिवासी समाजांच्या श्रद्धेची स्थळे होती. तेथे सापडलेली केसांची सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची वेणी आजच्या वंशजांशी जुळली होती. संसदीय चौकशीत जे बाहेर आले ते आमच्या मुद्द्याशी थेट संबंधित आहे. खाणीचे चार आराखडे विचारात होते, त्यांपैकी तीन शैलाश्रयांना टाळणारे होते. निवडला गेला तो चौथा. कारण त्यातून सुमारे ८० लाख टन उच्च प्रतीचे खनिज अधिक मिळणार होते, ज्याचे निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे १३.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरत होते. सरकारी परवानगी होती. भूशास्त्र बरोबर होते, वित्तही बरोबर होते. दोन्ही विषयांत पहिल्या वर्गाचे गुण मिळावेत असाच तो निर्णय होता. पुढे कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले, पण घळ परत आली नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे: आता अभ्यासक्रमांत नीतिशास्त्राचा, पर्यावरण आणि समाजाच्या जबाबदारीचा स्वतंत्र घटक असतो. असेल. पण हा घटक जर तिसरा डबा म्हणून त्याच पिशवीत कोंबला, तर तोही पाठ करून उत्तीर्ण होण्याचा विषय होतो. आमचा आग्रह आणखी एका विषयासाठी नाही. दोन विषयांच्या सांध्यावर जे शब्द उभे असतात ते वाचता यावेत, यासाठी आहे.

'साठा' हा शब्द घ्या. बोलताना आपण म्हणतो, अमुक ठिकाणी लोहखनिजाचा साठा आहे. जणू कणगीत धान्य आहे. पण 'जॉर्क'सारख्या संहिता संसाधन आणि साठा यांत काटेकोर भेद करतात. जमिनीखाली जे आहे, आणि कधी तरी काढणे किफायतशीर ठरेल अशी वाजवी अपेक्षा आहे, ते संसाधन. काढण्याचे तंत्र, बाजारभाव, कायदा, पर्यावरण, समाज या साऱ्यांच्या चाळणीतून जे उरते तो साठा. म्हणजे साठा केवळ खडकात नसतो. तो खडक आणि माणसे यांच्यातल्या व्यवहारात असतो.

हे समजून घ्यायला ऑस्ट्रेलियाला जाण्याचीही गरज नाही. शेजारचा गोवा पुरे. तेथे सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. डोंगरातला लोहाचा एक कणही हलला नव्हता. तरी काढण्याजोगे किती, याचे उत्तर एका निकालाने बदलले, आणि त्याबरोबर ट्रकवाल्यांचे हप्ते, बार्जवाल्यांचे रोजगार आणि खाणीखालच्या गावांतल्या शेतांचे भवितव्यही. भूशास्त्र विचारील, किती आहे? वित्त विचारील, किती मिळेल? 'आहे' आणि 'मिळेल' या दोन क्रियापदांमध्ये कोण राहतो, हे विचारायला ज्या सवयीची गरज असते ती सवय आम्ही वाङ्मयाच्या वर्गात लावतो, किंवा लावायला हवी.

'लावायला हवी' असे म्हणताना आम्ही अडखळतो. कारण आमचे घरही काचेचेच आहे. ग्रामीण साहित्यावर आम्ही तासन् तास बोलतो, 'माती' या शब्दाची प्रतीके काढतो. पण त्या मातीखाली कोणता खडक आहे, त्यात पाणी का मुरत नाही, आणि विहिरीसाठी काढलेल्या कर्जावर व्याज कसे चढते, हे आमच्यातल्या किती जणांना सांगता येईल? कातळाच्या रचनेवर विहिरीचे भाग्य ठरते आणि व्याजाच्या दरावर शेतकऱ्याचे, हे ज्याला ठाऊक नाही तो दुष्काळावरची कथा अर्धीच शिकवतो. खडक आणि खतावणी यांची जोडपदवी खरे तर आम्हांलाच हवी होती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीयतेचा घोष सुरू केला, आणि २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा दिली. म्हणजे पिशवीत डबे भरण्याची पद्धत आपल्याही दारात आली आहे. तिचे स्वागत करण्यापूर्वी आमच्या तीन मागण्या आहेत. दोन विषय जोडताना मोकळ्या निवडीची जागा कापू नये. वेळ लागला तर लागू द्यावा. दोन्ही विषयांचे शिक्षक निदान एका सत्रात एकाच वर्गात, विद्यार्थ्यांसमोर, एकमेकांशी वाद घालताना दिसावेत. आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने एका खऱ्या जागेचा अभ्यास दोन्ही शास्त्रांनी करावा, आणि त्या जागेवर राहणाऱ्या माणसांना कळेल अशा त्यांच्याच भाषेत त्याचा वृत्तांत लिहावा. या तिसऱ्या कामात मदत लागली तर आम्ही आहोत. आमच्याही बुद्धीला तेवढाच व्यायाम.

असो. त्या मुलीला आम्ही पुन्हा बोलावून घेतले. जाऊ नको, असे सांगण्यासाठी नव्हे, तिने जावेच. तिला एवढेच सुचवले, की पाचवे वर्ष घेता आले तर घे, आणि त्यात तुला आवडेल ते शीक. ती म्हणाली, "पाचव्या वर्षाची फी बाबांना परवडणार नाही, सर." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मोकळी जागा हीसुद्धा विकत घ्यावी लागते, हा वित्ताचा धडा आम्हांला तिने शिकवला. त्या दिवशी प्राध्यापक कक्षात कोणी विनोद केला नाही.