नदीकाठची, पण नदीची नसलेली चक्की

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये दर वर्षी एक तरी ग्रुप निघतोच : 'नदीवर छोटी टर्बाइन बसवून गावाला वीज'. मॉडेल झकास, बल्ब पेटतो, सर खूश. टर्बाइन कुठे बसवणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, नदीवर! मी देवणीचा. आमची नदी मांजरा. मे महिन्यात तिच्यात चाक बसवायचं तर आधी पाणी शोधावं लागतं. याच मांजरेच्या भरवशावर असलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, हे हॉस्टेलवर कुणाला नव्याने सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं, असा प्रोजेक्ट घेणाऱ्यांनी आधी औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की नीट बघावी. सहलीत आपण तिथे हौदातले मासे बघतो, फोटो काढतो आणि बसमध्ये बसतो. चक्की आहे खाम नदीच्या काठावर, पण चालायची ती खामच्या पाण्यावर नाही. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून आणलं, सायफनच्या तत्त्वाने भिंतीवरून उंच चढवलं आणि हौदात सोडलं. बांधकाम १७४४ च्या सुमाराचं मानतात. दळण कुणासाठी? बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातले फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांच्यासाठी. थोडक्यात, मेसची चक्की!

आता डिझाइन बघा. चाक आडवं, दांडा उभा आणि वरची तळी थेट त्याच दांड्यावर. गिअर नाही, पट्टा नाही. युरोपातल्या उभ्या चाकाला दातेरी चाकांची जोडी लागते, कारण तिथे दांडा आडवा असतो. आडव्या चाकाला पाणी थोडं चालतं, पण ते जोरात पात्यावर बसलं पाहिजे, म्हणजे उंची हवी. हिमाचलातले घराट याच जातीचे. आपल्या दख्खनी नद्या चार महिने वेड्यासारख्या वाहतात आणि मग आटतात. पुरात चाक वाहून जाणार, उन्हाळ्यात बंद पडणार. झऱ्याचं पाणी कमी, पण रोजचं. जागा निवडणाऱ्याने नदी सोडून झरा धरला, इथेच अर्धं इंजिनिअरिंग झालं.

हिशेब करून बघा. सेकंदाला १० लिटर पाणी ६ मीटरवरून पडलं तर ५८८ वॅट. निम्मे वाया गेले धरा, उरले तीनशेच्या आसपास. (हे आकडे हिशेबापुरते, पाणचक्कीचे नव्हेत.) आमच्या देवणी जातीच्या बैलजोडीची ताकद ठोकळमानाने एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट. निम्म्याहूनही कमी भरलं की! पण जोडी दुपारी सोडावी लागते, वैरण लागते. झरा रात्रभर दळतो.

काही मित्र म्हणतील, आता वीज आहे, जुनी चक्की कशाला उगाळायची? चक्की परत लावा असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, सिनॉप्सिसमध्ये टर्बाइनच्या ड्रॉइंगआधी एक पान पाण्याचं असावं. कुठल्या महिन्यात किती लिटर, किती उंचीवरून. ते पान कोरं असेल तर गाइड सरांनी सही करू नये. आणि पुढच्या स्टडी टूरला कॅमेऱ्याबरोबर टेप, बादली आणि स्टॉपवॉच घेऊ. बादली मी आणतो.