पंचमी पाहून निघावे

पुण्याहून रविवारी पहाटे निघून अलिबाग गाठावे, तेथून रेवदंडा, कोर्लई, मुरूड आणि जंजिरा ही सर्व स्थळे एका दिवसात उरकावीत आणि मध्यरात्रीच्या आत सदाशिव पेठेत परतावे, असा जो बेत पुणेकर कुटुंबे मोठ्या हौसेने आखतात, त्यात समुद्राची संमती मात्र कोणी घेतलेली नसते. १९८१ सालापर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर खरा अंमल चालतो तो भरती-ओहोटीचा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीस पायी किंवा घोडागाडीने जाता येते आणि भरती चढली की तीच वाट पाण्याखाली जाते. मग किनाऱ्यावर भेळ खात किल्ल्याकडे पाहत बसण्यापलीकडे बहुतेकांच्या हाती काही राहत नाही.

वस्तुतः मुंजीपासून वास्तुशांतीपर्यंत सर्व काही पंचांग पाहून ठरविणाऱ्या शहरास सहलीपुरतेच ते का आठवू नये? तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ स्थूलमानाने निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीस भरती सहाला, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी बाराला. परंतु ती भांगाची, पाणी पुरते हटत नाही. पंचमीस भरती पावणेचारला आणि ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. पुण्याहून पाचला निघालेल्यास ती सुखाने साधते. मग तटाचे ते चुन्यावाचून नुसते एकावर एक रचलेले प्रचंड काळे चिरे हाताने चाचपावेत, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेल्या सिद्धिविनायकाच्या मंदिरात आणि पुष्करणीच्या काठी स्वस्थ बसावे, आणि पाणी चढण्यापूर्वी परतावे.

दुपार सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या समाधीसाठी राखावी. ज्या आंग्र्यांशी सलोखा करून श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांनी आपली पेशवाई दृढ केली, त्याच घराण्यातील तुळाजींचे आरमार १७५६ साली विजयदुर्गास जळाले ते नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साह्य घेऊन काढलेल्या मोहिमेत. तेव्हा पुणेकराने तरी तेथे जरा अधिक वेळ उभे राहणे उचित.

जंजिऱ्याचा हट्ट त्या दिवशी सोडावा. शिवछत्रपतींपासून पेशव्यांपर्यंत कोणाच्याही हाती न लागलेला तो किल्ला आपण राजपुरीच्या होडीतून उतरून पाऊण तासात पाहून टाकू, ही कल्पना धार्ष्ट्याची आहे. तो स्वतंत्र दिवसाचा धनी.

सरकारदरबारी मागणे एवढेच, की स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर अलिबागच्या ओहोटीची वेळ रोज फळ्यावर लिहिण्याची तजवीज व्हावी. खर्च खडूचा आहे.