‘म्हातारी झाली’ हे निदान नव्हे

माझी जीप अद्याप चालती असताना तिच्या मृत्यूचा दाखला आजवर पुष्कळांनी मला लिहून दिला आहे. त्यांत शाळेतले सहकारी आहेत, दोन मिस्त्री आहेत, शेजारी आहेत. घरची मंडळी तर आहेतच. सर्वांचा निकाल एकच: “मास्तर, गाडी म्हातारी झाली. विकून मोकळे व्हा.” हा निकाल मला मान्य नाही. फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांचा थोडा रोष पत्करूनही तो का मान्य नाही, हे मी आज सांगणार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर; कादंबऱ्या लिहितो; इंजिनिअर नव्हे. परंतु चूक कशी शोधावी, हे तर मास्तरला ठाऊक असावे ना?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडलेली विलीज जीप स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे महिंद्रांनी जुळवायला घेतली. पुढे तिच्याच वंशातल्या एमएम 540 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोच्या घराण्यातले 2112 सीसीचे डिझेल इंजिन बसले. माझी जीप त्याच कुळातली. महाबळेश्वरहून तापोळ्याकडे उतरणाऱ्या घाटात, जिथे जुलैत रस्ता आणि ओढा यांत फरक उरत नाही, तिथे ती माझी सोबतीण आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चचा महिना, दहावीची परीक्षा. वाडीवरची सहा मुले मागे बसवून मी केंद्राकडे निघालो. निम्म्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. सेल्फ मारला, इंजिन नुसते फिरले. हातपंप मारून हवा काढली, सुरू झाली, दोन वळणे गेली, पुन्हा बंद. मुलांचे चेहरे मला आजही दिसतात. एकजण वहीत तोंड खुपसून बसला होता, पण पान उलटत नव्हता. शेवटी दुधाचा एक टेम्पो देवासारखा आला आणि मुले पेपरला पोचली. मी मात्र जीपपाशी दगडावर बसून राहिलो. मान वर करायची सोय राहिली नव्हती.

तालुक्याच्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, सेल्फ मारून पाहिला, आणि हात पुसत म्हणाला, “पंप गेला. नोझल पण गेले असणार. सगळे नवे टाका, नाहीतर भंगारात द्या. म्हातारी झाली, मास्तर.” एकही नट त्याने सैल केला नव्हता. खर्चाचा आकडा ऐकून घरी शांतता पसरली. “अहो, मुलांच्या जिवाशी खेळ नको,” असे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. गिऱ्हाईक आले, इसार घेण्याचा दिवसही ठरला.

त्याच्या आदल्या संध्याकाळी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आमच्या गावचे नाना सहज म्हणून आले. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. “बंद पडते ती चढावर की सपाटीला? टाकी भरलेली असताना की अर्धी? हळूहळू दम सोडते की एकदम? हवा काढली की किती वेळ चालते?” मी उत्तरे देत गेलो, आणि देता देता माझ्याच लक्षात आले, की टाकी काठोकाठ असताना ती एकदाही बंद पडली नव्हती!

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबून तापवलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते पेटते. या फवाऱ्याच्या वाटेवर कुठे हवा शिरली की सारा कारभार आटोपतो. टाकी, नळी, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल अशी ती वाट आहे. नाना टाकीकडून शोधत निघाले. चाकांना दगड लावून जीप चढावर नाक वर करून उभी केली. स्वच्छ डिझेलचा डबा घेतला, त्यातून नळी थेट फीड पंपाला जोडली, परतीची नळीही त्यातच सोडली. इंजिन तासभर तक्रार न करता चालले. म्हणजे पंप निर्दोष, नोझल निर्दोष. दोष उरला टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या हातभर वाटेत. चेसीच्या क्लिपला घासून तिथली नळी केसाएवढी चिरली होती. टाकी भरलेली असली तर डिझेल आपल्या वजनाने पुढे येई. पातळी उतरली आणि गाडीने नाक वर केले की पंप जोराने ओढी आणि त्या चिरेतून हवा पिई. वीतभर नळीचा तुकडा आणि दोन क्लिपा, एवढ्यात काम झाले. इसार मी घेतला नाही.

दोष कोणाचा? वर्षानुवर्षे त्या नळीकडे ढुंकून न पाहणाऱ्या माझा! पण निकाल लागला होता जीपच्या वयाचा. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडलेल्या पोराला आपण ‘ढ’ ठरवतो, त्यातलाच हा प्रकार. ‘म्हातारी झाली’ असे म्हटले की पुढे काही शोधावे लागत नाही, ही त्या शब्दांची खरी मोहिनी आहे.

धूर निघाला की लोक म्हणतात, इंजिन संपले. अहो, पण कोणत्या रंगाचा धूर? काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर उघडा. निळा असेल तर ऑइल जळते आहे. पांढरा असेल तर डिझेल न पेटता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. सकाळच्या गारठ्यात सुरू होत नाही? बॅटरी विकत घेण्यापूर्वी इंजिन आणि चेसी यांमधली अर्थची पट्टी पाहा. माझ्याकडे गंजलेल्या एका बोल्टाने दोन हिवाळे छळले. मग हीटर प्लग एकेक तपासा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट उपटून फेकणारे महाभाग तर गावोगाव आहेत. त्यांना वाटते रोग गेला. प्रत्यक्षात इंजिन थंड राहून डिझेल खाते, आणि चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो.

जीपची पूजा बांधणाऱ्या हौशी मंडळींनाही मी सोडणार नाही. रुंद टायर, बारा दिवे, चकचकीत बंपर. आणि डिझेल फिल्टर कधी बदलला ते आठवत नाही! कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलचा दांडा टाकून ते मिरवतात. या जुन्या रचनेत वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, पण आतून ती एकमेकांना जखडलेली असतात. चिखलात चाक घसरून ती तेढ सुटते, डांबरावर सुटत नाही. मग दांडा अडकतो, दात झिजतात, आणि दोष पुन्हा म्हाताऱ्या गाडीचा.

सरकारी नियमाचेही तेच. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे तपासणी करून 5-5 वर्षांनी वाढते. 1 एप्रिल 2022 पासून मोटारींच्या या फेरनोंदणीची फी 600 रुपयांवरून 5000 झाली. तपासणीला माझा विरोध नाही. उलट ती अधिक कडक करा, ब्रेक पाहा, धूर मोजा. मोजून नापास केलेत तर मी ब्र काढणार नाही. पण वय हाच गुन्हा मानून दंड घेऊ नका.

आता माझ्या विरुद्ध पक्षाचे एक म्हणणे मला मान्य केले पाहिजे. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 चे नियम आले. त्या नव्या गाड्यांइतकी माझी जीप कितीही निगा राखली तरी स्वच्छ होणार नाही. म्हणून कोंडलेल्या हवेच्या शहरात ती रोज फिरवण्याचा हट्ट मी धरणार नाही. मागे एकदा शाळेत चालत जाणाऱ्या पोरांच्या अंगावर तिने काळा लोट सोडला, त्या दिवशी मला लाज वाटली. नोझल तपासून घेईपर्यंत मी तिला बाहेर काढली नाही. जुनी वस्तू बाळगण्याचा हक्क हवा असेल, तर ही लाजही बाळगली पाहिजे.

वाचकहो, तुमच्या दारात जीप नसेल. शिवणयंत्र असेल, पाण्याचा पंप असेल, आजोबांचे घड्याळ असेल. त्याला भंगाराची वाट दाखवण्यापूर्वी नानांसारखे चार प्रश्न विचारा. कधी? कुठे? कशानंतर? किती वेळ? उत्तरे ऐकून मग खुशाल निकाल द्या. यंदाच्या मार्चमध्येही वाडीवरची मुले माझ्याच जीपमधून पेपरला गेली. चढावर मी एकदा काट्याकडे पाहिले. टाकी अर्धी होती.