जुनी लहर आणि नवे अंक

द्वारकेच्या चौकांत मुंबई–आग्रा व नाशिक–पुणे हे दोन महामार्ग मिळतात. तेथें सकाळीं घटकाभर उभें राहिलें, तर कोणाच्या ना कोणाच्या रेडिओचा आवाज कानीं पडतोच. हा आवाज आपणांपर्यंत पोहोंचविण्याची रीत आतां बदलत आहे. आणि हा बदल फार मंद चालला आहे, अशी तक्रार पुष्कळजण करितात. आमचें मत निराळें आहे.

जुन्या, म्हणजे ॲनालॉग रीतींत बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणें विद्युल्लहरच बदलत जाते. नव्या डिजिटल रीतींत आवाजाचे शून्य व एक असे अंक करून ते पाठवितात. या रीतीचे गुण मोठे आहेत: खरखर नाहीं, एकाच प्रक्षेपकावरून एकाहून अधिक कार्यक्रम जातात, आणि विजेचीहि बचत होते. आकाशवाणीनें २००७ सालीं दिल्लींत तिची चांचणी घेतली. पुढें मुंबईसह देशांत ३० हून अधिक ठिकाणीं तसे प्रक्षेपक बसविले.

परंतु बोलणारा सिद्ध झाला, तरी ऐकणारा पाहिजे ना! हे अंक वाचणारीं यंत्रें कांहीं नव्या मोटारींत आलीं आहेत. शेताच्या बांधावरील किंवा आजीच्या उशाशीं असलेल्या लहान संचास मात्र ते उमगत नाहींत, आणि नवा संच महाग व दुर्मिळ आहे. म्हणजे ज्याच्याजवळ मोटार, त्यालाच आधीं लाभ!

दुसरेंहि एक कारण आहे. जुनी लहर क्षीण झाली, तरी खरखरत कां होईना, बोलते. अंक अपुरे पडले, कीं आवाज एकदम बंद पडतो. २०१६ च्या ऑगस्टांत गोदावरीस महापूर आला होता. अशा वेळीं खरखरणारा शब्दहि मोलाचा असतो.

नॉर्वेनें २०१७ सालीं राष्ट्रीय केंद्रांचें एफ.एम. प्रक्षेपण बंद केलें. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक संस्थेनें २०२४ च्या अखेरीस तेंच केलें, आणि तिचे श्रोते घटले. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२५ मध्यें खासगी केंद्रांविषयीं केलेल्या शिफारशींत जुनें व नवें प्रक्षेपण एकाच वेळीं चालवावें, असें सुचविलें. प्रारंभ मुंबई, पुणे, नागपूर आदि १३ शहरांपासून. नाशिक त्यांत नाहीं. याचें कोणीं वैषम्य मानूं नये. तयारीस आपणांस अवधि मिळाला आहे.

विद्यार्थीमित्रहो, नव्या विद्येचें स्वागत अवश्य करा. उद्यां स्वस्त संच घडविणारे कदाचित् तुमच्यांतूनच निघतील. पालकहो, घरांतील जुना संच अडगळींत टाकूं नका. आणि ज्यांच्या हातीं हा कारभार आहे, त्यांस आमचें इतकेंच सांगणें, कीं नवा पूल सर्वांस खुला होईपर्यंत जुनी होडी फोडूं नये.