पगारवाढीची शिक्षा

नऊ कायदे मोडीत काढून सामाजिक सुरक्षा संहिता झाली, 21 नोव्हेंबर 2025 ला ती लागूही झाली. कामगार विम्याचा (ईएसआय) 1948 चा कायदा तिच्यातच विरघळला. आता आणखी काय हवं, असं विचारलं जातं. भांडी घासून मांडणीवर लागली खरी, पण गळकं होतं ते गळकंच राहिलं. ईएसआयची वेतनमर्यादा संहितेनेही सरकारी अधिसूचनेवर सोडली. 1 जानेवारी 2017 ला ती 15,000 वरून 21,000 झाली. 2025 सरलं तरी आकडा तोच.

भोसरीतल्या एखाद्या प्रेसशॉपमधला ऑपरेटर घ्या. पगार 20,700. जूनमध्ये 500 रुपये वाढ होते, घरी पेढे येतात. पण मर्यादा ओलांडली, म्हणून ईएसआयची कपात 30 सप्टेंबरपर्यंतच चालते, लाभ पुढच्या 30 जूनपर्यंत. मग कार्ड बंद. आईचं डायलिसिस चालू असेल, तर हे 500 रुपये केवढ्याला पडले?

‘मेडिक्लेम काढेल की!’ काढेल, पण आईचा जुना आजार त्यात बसायला तीन वर्षंही थांबावं लागेल. शिवाय मेडिक्लेम बिल भरतो, बुडालेला पगार देत नाही. ईएसआय आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन देते. प्रेसखाली बोटं गेली तर अपंगत्वाचा लाभ वेगळा.

‘मर्यादा वाढवली तर मालकांवर बोजा पडेल’ हे तर हिशेबातच टिकत नाही. जुलै 2019 मध्ये मालकाचा हिस्सा 4.75 टक्क्यांवरून 3.25 वर आला. त्याआधी 21,000 च्या पगारावर मालक 997 रुपये 50 पैसे भरत होता. आज मर्यादा 30,000 केली, तरी तेवढ्या पगाराला 975 च पडतील.

‘आधी इस्पितळं सुधारा’ या आक्षेपात मात्र दम आहे. डिसेंबर 2018 मधली अंधेरीच्या कामगार रुग्णालयाची आग कोण विसरेल? औषधांच्या रांगांबद्दल तर बोलायलाच नको. पण ओरडणार कोण? चार इयत्ता जास्त शिकलेला, साहेबाला जाब विचारू शकणारा कामगारच पगारवाढीबरोबर आपण बाहेर काढतो, आणि मग दवाखान्याची तक्रार करायला आवाज उरत नाही.

म्हणून मर्यादा दर एप्रिलला महागाई निर्देशांकाबरोबर आपोआप सरकेल, असं संहितेतच लिहा. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा हलतो. कामगारानेच आठ-नऊ वर्षं का थांबावं? आणि एकदा आत आलेल्याला पगार वाढला म्हणून बाहेर काढू नका. वर्गणी हवी तर मर्यादेपुरतीच घ्या. पीएफमध्ये हेच चालतं: पगार 15,000 च्या वर गेला तरी सभासद सभासदच राहतो. संहितेत पीएफ तिसऱ्या प्रकरणात आहे, ईएसआय चौथ्यात.