उंदराची साक्ष

रेणूची आकृती बघून तो विषारी की निर्विष ते सांगणारं सॉफ्टवेअर म्हणजे पिंजऱ्यातला पोपट, खरं काय ते उंदरालाच विचारा – एका परिसंवादात एका ज्येष्ठांनी हे ठणकावलं आणि टाळ्याही घेतल्या. बाकीचं म्हणणं असं की संगणकाला यकृत नसतं, विदा अपुरी आहे आणि कंपन्यांना चाचण्या टाळायला आयतं निमित्त मिळेल.

यकृत परीक्षानळीलाही नसतं. विदा अपुरी असेल तर वाढवा. निमित्ताचं म्हणाल, तर औषधांतल्या जनुकघातक अशुद्धींसाठी आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय मंचाचं एम7 हे मार्गदर्शक तत्त्व 2014 पासून आहे. ते एका सॉफ्टवेअरवर भागवू देत नाही. एक तज्ज्ञांच्या नियमांवर चालणारं आणि दुसरं संख्याशास्त्रावर, अशी दोन लागतात.

आता उंदीरमहाराज. थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध 1957 साली जर्मनीत बाजारात आलं, तेव्हा उंदरांना भरमसाट डोस देऊनही ते मरत नाहीत, हीच त्याची जाहिरात होती. ते गरोदरपणी घेतलेल्या बायकांची हजारो मुलं अधू हातपायांची जन्मली. पुढे गाभण प्राण्यांवर प्रयोग झाले, तेव्हाही व्यंग ठळक दिसलं ते सशांत. उंदीर बव्हंशी निर्विकार! सॅकरिनचं नेमकं उलटं. नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या म्हणून अमेरिकेत 1977 मध्ये वेष्टनावर इशारा छापायला लावला. त्या गाठी उंदराच्या मूत्राच्या खास घडणीमुळे होतात, माणसाला लागू नाहीत, हे कळून तो काढायला 2000 साल उजाडलं. म्हणजे उंदीर हेही एक प्रारूपच, फक्त शेपटीवालं.

शिवाय ‘हा प्रश्न माझ्या आवाक्यातला नाही’ असं उंदीर कधीच म्हणत नाही. सॉफ्टवेअरला म्हणावं लागतं. बेंझिनच्या कड्याला नायट्रो गट जोडलेली आकृती काढा, लगेच इशारा येतो, कारणासकट: जिवाणू त्या गटाचं क्षपण करतात आणि त्यातून बनणारा पदार्थ डीएनएला चिकटतो. पण ज्याच्यासारख्यांवर ते शिकलेलं नाही असा धातूयुक्त रेणू द्या. चांगलं सॉफ्टवेअर तो कक्षेबाहेरचा म्हणून परत करतं. ही कक्षा आधी जाहीर करणं हे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, अशा सॉफ्टवेअरसाठीच्या 2004 च्या पाच तत्त्वांपैकी एक आहे.

 

मग करायचं काय? कंपन्यांच्या कपाटांतले निकाल, विशेषतः ‘काही आढळलं नाही’ म्हणून पडून राहिलेले, बाहेर काढा. युरोपच्या 2006 च्या रीच या रसायनविषयक कायद्याने पृष्ठवंशी प्राण्यांवरच्या चाचण्यांची माहिती नोंदणीदारांना आपसांत वाटून घ्यायला लावली. आकृतीवरून विषारीपणाचा अंदाज बांधणारा ओईसीडीचा क्यूएसएआर टूलबॉक्स फुकट मिळतो. आपल्याकडेही कीटकनाशकांच्या नोंदणीसाठी दिलेले विषचाचण्यांचे निकाल कुणालाही तपासता यावेत. 2017 मध्ये यवतमाळात फवारणी करताना माणसं दगावली. पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवली जातात. त्या मिश्रणाचा अंदाज सॉफ्टवेअरला अजून धड जमत नाही, हे खरं. पण दुकानदाराच्या सल्ल्याने बांधावर कालवलेलं ते मिश्रण ज्येष्ठांच्या उंदरालाही कुणी दिलेलं नसतं.